ईटीसीओटूची लाइन सारखी ब्लॉक होते? मॉड्यूल उघडण्याआधी हे बघा

ईटीसीओटू म्हणजे पेशंटने सोडलेल्या श्वासाच्या शेवटी असणारा कार्बन डायऑक्साइड; मॉनिटर तो लाइन नावाच्या बारीक नळीतून हवा ओढून मोजतो. तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "चार नंबर बेडचा ईटीसीओटू परत गेला." स्क्रीनवर लाइन ब्लॉक झाल्याचा अलार्म, आलेखाच्या जागी सरळ रेघ आणि आकड्याच्या जागी दोन डॅश. लाइन बदलली की चालू होतो, काही तासांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी ठरवतं की मॉड्यूलच, म्हणजे मॉनिटरमधला मोजणारा भागच, गेलंय. मॉनिटर खाली बायोमेडिकलमध्ये येतो, टेबलावर दिवसभर नीट चालतो, ओके लिहून वर जातो आणि नाइट ड्यूटीत परत ब्लॉक. सिस्टर वैतागतात, डॉक्टरांचा यंत्रावरचा विश्वास उडतो आणि हळूहळू अलार्म म्यूट करून ठेवायची सवय लागते. मला सगळ्यात जास्त काळजी त्या सवयीची वाटते.

मी मुंबईत आयसीयू आणि ओटीची यंत्रं सांभाळते. अशा तक्रारींत मॉड्यूल खरोखर बिघडलेलं क्वचितच निघतं. दोष सापडतो तो मॉनिटरच्या बाहेर, पेशंटच्या श्वासनलिकेतल्या ट्यूबपासून वॉटर ट्रॅपपर्यंतच्या (लाइनमधलं पाणी मॉनिटरच्या तोंडाशी अडवणारी डबी) दोन-तीन मीटरांत. टेबलावर मॉनिटर चालतो याचं कारणही तेच: तिथे आपण कोरी लाइन लावतो, कोरा ट्रॅप लावतो आणि तिथे दमट श्वास सोडणारा पेशंट नसतो. म्हणून पहिली सूचना अशी, की मॉनिटर तपासायला पाठवताना ब्लॉक झालेली तीच लाइन, तोच ट्रॅप आणि तोच अडॅप्टर एका पिशवीत बंद करून सोबत पाठवा. निम्मा तपास त्या पिशवीत असतो.

खाली लिहिलंय ते मुख्यतः साइडस्ट्रीमबद्दल, म्हणजे बारीक नळीतून हवा ओढून ती मॉनिटरमध्ये नेऊन मोजणाऱ्या यंत्रांबद्दल.

आधी पेशंट

ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरचा आलेख, गेला की हात लाइनकडे जातो. तो आधी पेशंटकडे जायला हवा. छाती दोन्ही बाजूंनी हलतेय का, व्हेंटिलेटर परत आलेला व्हॉल्यूम किती दाखवतोय, सर्किट (व्हेंटिलेटर ते पेशंट या नळ्या) कुठे सुटलंय का, ट्यूब ज्या सेंटिमीटरला बांधली होती तिथेच आहे का, नाडी लागतेय का. सॅचुरेशन ९८ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्सिजनवर असलेल्या पेशंटची ट्यूब निघाली तरी सॅचुरेशन खाली यायला वेळ लागतो. कार्बन डायऑक्साइडचा ट्रेस पुढच्याच श्वासाला सांगतो.

इथे एक फरक ओळखायला शिका, तो फार कामाचा आहे. "लाइन ब्लॉक" याचा अर्थ मॉनिटरच्या पंपाला हवा ओढता येत नाहीये. "श्वास आढळत नाही" किंवा ॲप्नियाचा अलार्म याचा अर्थ पंप व्यवस्थित ओढतोय, पण आलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइडच नाही. पहिला बहुधा नळीचा प्रश्न असतो. दुसरा ट्यूब निघाल्याचा, सर्किट सुटल्याचा किंवा रक्ताभिसरण थांबल्याचा असू शकतो. सर्किटवरून सॅम्पलिंग लाइन सुटून बेडवर पडली तरी दुसराच अलार्म येतो, म्हणून तो लाइनचाच घोळ समजून सोडून दिला जातो. तसं करू नका. आणि ब्लॉकचा अलार्म असला तरी पेशंट ठीक आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. यंत्र आंधळं झालंय एवढंच कळतं. लाइन मोकळी होईपर्यंत कुणीतरी बेडजवळ उभं राहायला हवं.

नुकतीच ट्यूब घातली आहे आणि ट्रेस येत नाही, तर "मशीन खराब आहे" हे वाक्य तोंडातून काढूच नका. ट्यूब अन्ननलिकेत आहे असं धरून चाला. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ अनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी केलेल्या चौथ्या राष्ट्रीय ऑडिटचा अहवाल २०११ मध्ये आला. श्वासमार्गाच्या अडचणींमुळे आयसीयूत झालेल्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला कॅप्नोग्राफी, म्हणजे हाच कार्बन डायऑक्साइडचा आलेख, न वापरण्याचा वाटा असावा, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच कॉलेजने पुढे "नो ट्रेस, राँग प्लेस" अशी मोहीमच चालवली. अन्ननलिकेतली ट्यूब वेळेवर ओळखण्याबद्दल २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तर मोजमापच दिलंय: किमान ७ श्वासांपर्यंत ट्रेस टिकला पाहिजे, त्याची उंची बेसलाइनपासून ७.५ एमएमएचजीपेक्षा (पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं एकक) जास्त पाहिजे आणि ती श्वासागणिक कमी होत जाता कामा नये. पोटात गेलेल्या हवेमुळे सुरुवातीला दोन-चार लहान लाटा दिसू शकतात, त्यांवर समाधान मानायचं नाही.

अरेस्टमध्येही, म्हणजे हृदय थांबल्यावरही, ट्रेस पूर्ण सपाट होतो हा समज चुकीचा आहे. ट्यूब जागेवर असेल आणि छातीवरचे दाब नीट पडत असतील, तर बुटका का होईना ट्रेस दिसतो. आकडा १० च्या खाली रेंगाळत असेल तर दाबांची खोली आणि वेग बघतात. एकदम ३५-४० वर उसळला तर हृदय पुन्हा सुरू झालं असण्याची शक्यता धरतात. अशा वेळी ब्लॉक झालेली लाइन म्हणजे टीमच्या हातातली सगळ्यात चांगली खूण गेली. म्हणून या क्षुल्लक वाटणाऱ्या नळीचा मी एवढा पिच्छा पुरवते.

पाणी पावसाचं नाही

जून ते सप्टेंबर या तक्रारी वाढतात हे खरं, आणि सगळे पावसाळ्याला बोल लावून मोकळे होतात. पण नळीतलं पाणी बाहेरून येत नाही, ते पेशंटच्या श्वासातून येतं. हिशोब साधा आहे. ३७ अंशांच्या पूर्ण दमट हवेच्या एका लिटरमध्ये साधारण ४४ मिलिग्रॅम वाफ असते. तीच हवा २२ अंशांच्या खोलीत थंड झाली की तिच्यात १९ मिलिग्रॅमच मावते. उरलेल्या २५ मिलिग्रॅमचं पाणी होतं. पंप मिनिटाला १५० मिलिलिटर ओढत असेल, तर तासाला ९ लिटर हवा नळीतून जाते. म्हणजे तासाला सव्वादोनशे मिलिग्रॅम, दिवसाला पाचेक मिलिलिटर. एक पाचची सिरिंज भरेल इतकं पाणी, तेही जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर भोकाच्या नळीत. हे बाराही महिने होतं, मे महिन्यातसुद्धा.

मग पावसाळ्यात जास्त का? दोन कारणं मला पटतात. एक, बाहेरची दमट हवा आत येते, सगळ्यांना चिकट वाटतं आणि एसीचं तापमान खाली आणलं जातं. एसीचा झोत थेट ज्या बेडवर येतो, तिथल्या लाइनमध्ये पाणी जास्त धरतं. तुमच्या युनिटमध्ये ठरावीक एक-दोन बेडवरच ब्लॉक होत असेल, तर मान वर करून एसीची जाळी कुठे आहे ते बघा. दुसरं, काही लाइनमध्ये नॅफिऑन नावाच्या पदार्थाचा तुकडा असतो. तो आतली वाफ भिंतीतून बाहेर सोडतो, पण बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. खोलीतली हवा जितकी दमट, तितकं त्याचं काम मंद. अशा लाइनवर चिकटपट्टी गुंडाळली किंवा ती चादरीखाली दाबून नेली, तर ऋतू कुठलाही असो, तिचा उपयोग जातो.

लाइन कुठे जोडली आहे, कशी नेली आहे

बहुतेक ब्लॉकची उकल इथेच होते, म्हणून इथे जरा थांबते.

ट्यूबपासून सुरुवात करा. ट्यूब, कॅथेटर माउंट (ट्यूबला जोडलेली छोटी लवचिक नळी), एचएमई फिल्टर (श्वासातला ओलावा आणि उष्णता धरून ठेवणारा), वाय-पीस (व्हेंटिलेटरच्या दोन नळ्या एकत्र येतात तो तुकडा) असा क्रम असेल, तर सॅम्पलिंगचं पोर्ट एचएमईच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. मोठ्या माणसांमध्ये ते एचएमईच्या मशीनकडच्या बाजूला हवं. बहुतेक एचएमईवर त्यासाठीच पोर्ट दिलेलं असतं. तिथे येणाऱ्या हवेतली वाफ आणि कफ फिल्टरने आधीच अडवलेला असतो. लाइन ट्यूबच्या टोकाशी असलेल्या कोपऱ्याला जोडली, तर प्रत्येक खोकल्याबरोबर कफ सरळ नळीत जातो. काही तासांत ब्लॉक होणाऱ्या लाइनच्या तोंडाशी पिवळसर थर दिसला, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

मग पोर्टचं तोंड. ते वर हवं. खाली किंवा आडवं असेल, तर सर्किटमधलं पाणी गुरुत्वाकर्षणानेच लाइनमध्ये उतरतं, पंपाने ओढायचीही वाट बघत नाही. गंमत म्हणजे लावताना सगळे ते वरच लावतात. एका बेडवर लाइन रोज सकाळी ब्लॉक व्हायची. जाऊन बघितलं तर पोर्ट पूर्ण खाली फिरलेलं आणि नळी बेडच्या रेलिंगखालून जमिनीच्या दिशेने लोंबलेली. टॉर्च मागे धरला तेव्हा दिसलं, झोळाच्या तळाशी बोटभर लांबीचं पाणी अडकलेलं आणि वरच्या भागात मोहरीएवढे थेंब एकामागून एक त्या पाण्याकडे सरकत होते. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी साचून राहतं, अगदी तसं.

"सिस्टर, रात्री लाइन अशीच होती का?"

"नाही मॅडम, मीच वर क्लिप केली होती. पहाटे एक्स-रेवाले आले, त्यांनी प्लेट घालायला पेशंटला उचललं. नंतर सर्किट तसंच राहिलं."

पोर्टेबल एक्स-रे, दर दोन तासांनी कूस बदलणं, स्पंज बाथ, सीटीला नेणं: यातल्या प्रत्येक वेळी सर्किट फिरतं आणि पोर्ट खाली जातं. तासाभराने ब्लॉक येतो, तेव्हा त्याचा संबंध कुणी कूस बदलण्याशी लावत नाही. म्हणून माझा आवडता उपाय हा: दोन दिवस प्रत्येक ब्लॉकची वेळ कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद नर्सिंग चार्टच्या शेजारी ठेवून वाचा. ब्लॉक कूस बदलल्यानंतर येतोय, नेब्युलायझेशननंतर (औषधाची वाफ दिल्यानंतर) येतोय की ह्युमिडिफायरमध्ये (श्वासाची हवा दमट करणारं यंत्र) पाणी भरल्यानंतर, ते लगेच दिसतं. सर्व्हिस इंजिनिअर जे चार भेटींत शोधेल ते हा कागद सांगतो.

लाइन पोर्टपासून आधी थोडी वर न्यावी, मग सैल वळण देऊन मॉनिटरकडे न्यावी, मध्ये झोळ नको. लांब पडते म्हणून गाठ मारून ठेवू नका आणि आखूड पडते म्हणून दोन लाइन जोडू नका. जोड गळतो, शिवाय ट्रेस उशिरा येतो. १.२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या ३ मीटर नळीत सुमारे ३.४ मिलिलिटर हवा मावते; मिनिटाला १५० मिलिलिटरच्या वेगाने तिला मॉनिटरपर्यंत यायला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो आणि मिनिटाला ५० मिलिलिटर ओढणाऱ्या यंत्रात तब्बल चार सेकंद.

एचएमई आणि गरम ह्युमिडिफायर, दोन्ही एकत्र

असं कधीच नको. पेशंटचा कफ घट्ट झाला म्हणून गरम ह्युमिडिफायर लावतात आणि आधीचा एचएमई काढायचा राहतो. एचएमई भिजून जड होतो, श्वासाचा अडथळा वाढतो आणि पाणी लाइनमध्ये येतं. अडथळा वाढणं हे लाइन ब्लॉक होण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसले तर ईटीसीओटू बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. फक्त ह्युमिडिफायरवर असलेल्या पेशंटमध्ये पाणी जास्त येणारच. तिथे नॅफिऑनची किंवा दमट सर्किटसाठी बनवलेली लाइन वापरा, साधी नको.

नेब देताना

औषधाचे सूक्ष्म थेंब लाइनमध्ये ओढले जातात, सुकतात आणि ट्रॅपच्या फिल्टरवर थर जमतो. पाण्याचा ब्लॉक लाइन बदलल्यावर सुटतो, हा सुटत नाही. नवी लाइन लावूनही अलार्म राहिला तर ट्रॅपच्या फिल्टरवर संशय घ्या. नेब चालू असताना लाइन सर्किटवरून काढून ठेवायची आणि मॉड्यूल स्टँडबायवर टाकायचं, संपल्यावर परत जोडायची. पण दोन गोष्टी विसरू नका. लाइन काढली की पोर्टला टोपण लावा. ते इवलंसं टोपण हरवतं, पोर्ट उघडं राहतं आणि व्हेंटिलेटर गळतीचा अलार्म देतो, पीप (श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब) पडतो. आणि लाइन परत जोडून ट्रेस आल्याशिवाय बेड सोडू नका.

वॉटर ट्रॅप

ट्रॅपच्या आत पाणी अडवणारा आणि हवा जाऊ देणारा पडदा असतो. तो मॉड्यूलचा शेवटचा पहारेकरी. पाणी किंवा कफ त्याच्यापर्यंत पोचला की तो बंद होतो, म्हणूनच ब्लॉकचा अलार्म येतो. म्हणजे यंत्र स्वतःला वाचवत असतं. हा पडदा धुवायचा नाही, स्पिरिटने पुसायचा नाही, त्याच्यात हवा मारायची नाही. नळाखाली धुऊन वाळत घातलेले ट्रॅप मी पाहिलेत. बाहेरून चकचकीत दिसतात, पण पडद्याचा पाणी अडवण्याचा गुण गेलेला असतो. मग पुढच्या वेळी पाणी आत जातं आणि काही शे रुपयांच्या ट्रॅपपायी मॉड्यूल बदलायची वेळ येते.

ट्रॅप अर्धा भरला की रिकामा करा, ग्लव्हज घालून. मुंबईत टीबीचा पेशंट कुठल्याही आयसीयूत असू शकतो आणि ट्रॅपमधलं पाणी म्हणजे त्याच्या श्वासमार्गातलंच पाणी. किती दिवसांनी बदलायचा ते तुमच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बदलल्याची तारीख मार्करने ट्रॅपवरच लिहा. पेशंट बदलला की लाइन बदला. ब्लॉक झालेली लाइन सिरिंजने हवा मारून मोकळी करायची पद्धत सर्रास चालते. मॉनिटरच्या दिशेने हवा मारली तर पाणी पडद्यावर आदळतं, सर्किटच्या दिशेने मारली तर घाण पेशंटकडे जाते. नवी लाइन घ्या. स्टोअरमध्ये शिल्लक नसेल तर तो खरेदीचा प्रश्न आहे, तो बेडवर सिरिंजने सोडवायचा नसतो.

खरेदीबद्दलही एक. प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल बाजारात दोन लाइन शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक दिसणार नाही, पण आतला व्यास, लांबी आणि कनेक्टरची पकड वेगळी असू शकते. स्वस्त पर्याय घ्यायला हरकत नाही. घाऊक घेण्याआधी आपल्या मॉनिटरवर लावून खाली दिलेली बोटाची परीक्षा करा.

ब्लॉक नाही, पण आकडा पटत नाही

एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) कार्बन डायऑक्साइड ५८, मॉनिटरवर ३६. फोन येतो: "कॅलिब्रेशन करून द्या." आधी आलेखाचा आकार बघा. नेहमीचा आकडा ३५ ते ४५ आणि धडधाकट फुप्फुसात एबीजीपेक्षा २ ते ५ ने कमी. आलेख झपकन वर चढून जवळजवळ सपाट पठार करून झपकन खाली येत असेल, तर मोजलेला आकडा बहुधा खरा आहे आणि एवढी तफावत पेशंटमुळे आहे: फुप्फुसात गुठळी, खालावलेलं रक्ताभिसरण, जुना दमा-सीओपीडी. अशा वेळी आकडा एबीजीशी जुळावा म्हणून कॅलिब्रेशनला हात लावला, तर डॉक्टरांना दिसायला हवी होती तीच खूण पुसली जाते. पठार तिरकं, शार्क फिनसारखं असेल तर ब्रॉंकोस्पाझम (श्वासनलिका आकसणं) किंवा ट्यूबमधला अडथळा. पठाराच्या मधोमध खाच असेल तर पेशंट स्वतः श्वास घ्यायचा प्रयत्न करतोय. पठाराच्या शेवटी हृदयाच्या ठोक्यांबरोबर बारीक लहरी दिसल्या तर त्यात यंत्राचा काही दोष नाही.

गळतीचा आलेख मात्र एकदा पाहिला की विसरला जात नाही. पठार बुटकं, आणि शेवटी एकदम छोटंसं शिखर. लाइनला तडा गेला असेल किंवा ट्रॅप नीट बसला नसेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा पडतो; व्हेंटिलेटरचा पुढचा श्वास सुरू होताच दाबाने शुद्ध नमुना नळीत ढकलला जातो आणि क्षणभर खरा आकडा उमटतो. ही लाइन ब्लॉकचा अलार्म कधीच देत नाही, म्हणून जास्त दिवस चालते आणि जास्त फसवते. बोटाची परीक्षा इथे करायची: लाइनचं पेशंटकडचं टोक काढा, पोर्टला टोपण लावा, ग्लव्हज घातलेल्या बोटाने टोक घट्ट दाबा. काही सेकंदांत ब्लॉकचा अलार्म आलाच पाहिजे. आला नाही तर कुठेतरी हवा आत येतेय. मग ट्रॅपच्या तोंडाशी लाइन चिमटून पुन्हा बघा; आता अलार्म आला तर दोष लाइनमध्ये, तरीही नाही आला तर ट्रॅप किंवा त्याच्या आतला भाग.

बेसलाइन शून्यावर येत नसेल तर बघा की वरचा आकडाही तेवढ्यानेच वाढलाय का. दोन्ही सारखेच वर सरकले असतील तर झिरो (मॉनिटरने धरलेली शून्याची पातळी) हललंय किंवा आत पाणी-घाण गेलीय. लाइन पेशंटपासून काढून मोकळ्या हवेत झिरो करा आणि त्या वेळी टोकाजवळ वाकून बोलत राहू नका, आपलाच श्वास मोजला जातो. झिरोनंतरही बेसलाइन वर असेल तर पेशंट स्वतःचीच सोडलेली हवा परत घेतोय. ओटीत सोडा लाइम (भूल यंत्रातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा पदार्थ) संपलेला किंवा एक्स्पिरेटरी (सोडलेला श्वास एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह अडकलेला, आयसीयूत लहान चणीच्या पेशंटला कॅथेटर माउंट, एचएमई आणि क्लोज्ड सक्शन (सर्किट न उघडता कफ ओढायची नळी) अशी लांबलचक माळ.

मॉनिटर बदलला आणि आकडा २-३ ने बदलला, याचीही तक्रार येते. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा कॅलिब्रेशन गॅस ७६० एमएमएचजी दाबाला कोरड्या हिशोबाने ३८ दाखवतो. ३७ अंशांच्या वाफेचे ४७ वजा करून हिशोब केला तर सुमारे ३६. काही यंत्रं एक पद्धत वापरतात, काही दुसरी, काहींमध्ये सेटिंग बदलता येतं. एका युनिटमधले सगळे मॉनिटर एकाच पद्धतीवर ठेवा, म्हणजे पेशंट बेड बदलताना ट्रेंड तुटणार नाही.

मेनस्ट्रीम आणि तान्ही बाळं

मेनस्ट्रीम, म्हणजे हवा ओढून न नेता सर्किटवरच मोजणारा दुसरा प्रकार. त्यात नळी नाही, पंप नाही, ट्रॅप नाही. सेन्सर सर्किटवरच बसतो आणि काचेवर दव धरू नये म्हणून गरम होतो. तिथे अडॅप्टरच्या खिडकीवर कफ बसणं हा मुख्य त्रास. अडॅप्टरचा प्रकार बदलला की झिरो करा, आणि सेन्सरच्या वजनाने ट्यूब ओढली जात नाही ना ते बघा.

नवजात बाळाचा एक श्वास १५ मिलिलिटरच्या आसपास, श्वास मिनिटाला ४०. मिनिटाला १५०-२०० मिलिलिटर ओढणारी यंत्रं तिथे आकडा कमी दाखवतात, पठार तयारच होत नाही. एनआयसीयूत मिनिटाला ५० मिलिलिटरवाली किंवा मेनस्ट्रीमच घ्या. तिथल्या तक्रारी कॅलिब्रेशनने सुटत नाहीत.

खरंच मॉड्यूल गेलं असेल तर

कोरी लाइन, कोरा ट्रॅप, टोक मोकळ्या हवेत, तरीही ब्लॉकचा अलार्म: हे आतल्या फिल्टरचं, पंपाचं किंवा आत पाणी शिरल्याचं लक्षण. अलार्म नाही पण कुठल्याही पेशंटवर आलेख गोलसर, चढण आळशी: पंप मंदावलाय, फ्लोमीटर लावून मोजा आणि पुस्तकात दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. झिरो वारंवार हलतं किंवा कॅलिब्रेशन गॅसवर आकडा मर्यादेबाहेर: सेन्सर. तक्रार नोंदवताना "ईटीसीओटू चालत नाही" एवढंच लिहू नका. अलार्मचे नेमके शब्द, आलेखाचा फोटो (पेशंटचं नाव झाकून), बोटाच्या परीक्षेचा निकाल आणि ब्लॉकच्या वेळांचा तो कागद सोबत द्या. बदली मॉनिटर बेडवर आल्याशिवाय आधीचा हलवू नका.

दुरुस्त होऊन आलेला मॉनिटर बेडवर लावण्याआधी त्याचं सेटिंग बघा. दुरुस्तीत बऱ्याचदा फॅक्टरी सेटिंग परत येतं. एकक किलोपास्कलवर गेलं असेल तर स्क्रीनवर ५.१ दिसेल आणि रात्री कुणीतरी तो ५ एमएमएचजी समजून धावत येईल. ॲप्नियाचा अलार्म किती सेकंदांवर आहे, वरची-खालची लिमिट काय आहे आणि ईटीसीओटूचे अलार्म मुळात चालू आहेत का, हे ड्यूटीवरच्या सिस्टरांसमोर तपासून मगच सही करा.